मोलकरीण ते मालकीण : मार्था हार्परची गोष्ट

#थ्रेड

१/ सन १८८८. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर शहर. वयाच्या तिशीला पोहोचलेली एक अविवाहित मोलकरीण आयुष्यभराची ३६० डॉलरची पुंजी घेऊन स्त्रियांसाठी केशप्रसाधनाचे दुकान थाटते. लोकांच्या घरी राबण्याखेरीज दुसरा व्यवसाय तिने केलेला नव्हता. पुढे तिच्या नावाने सुमारे ५०० सलून चालली. हे कसे घडले?

२/ मार्था माटिल्डा हार्परचा जन्म १८५७ चा, कॅनडातील ओंटारियो प्रांतातला. घरची गरिबी अशी, की ७ व्या वर्षीच तिला नातलगांकडे घरकामाला धाडण्यात आले. शाळा सुटली. त्यानंतरची जवळजवळ दोन तपे धुणी, भांडी, झाडलोट आणि मालकिणींची सेवा यांत गेली.

३/ या सेवेतच केस धुणे, विंचरणे आणि बांधणे हेही आले. ओंटारियोत ती एका डॉक्टरांकडे कामाला होती. केसांचे व टाळूचे आरोग्य कसे राखावे, हे त्यांनी तिला शिकवले. केसांना लावायच्या औषधी द्रवाची कृतीही दिली. १८८२ मध्ये ती रॉचेस्टरला आली. तेथेही कामाचे स्वरूप तेच, मोलकरणीचे.

४/ तत्कालीन समाजात पुरुषांसाठी न्हाव्याची दुकाने होती. सधन स्त्रीचे केस मात्र तिच्या घरी, बंद दाराआड, दासीच्या हातून सजत. प्रतिष्ठित स्त्रीने केस मोकळे सोडून दुकानात बसावे, ही कल्पनाच अनेकांना अशोभनीय वाटे.

५/ म्हणूनच शहरातील नामांकित ‘पॉवर्स बिल्डिंग’मध्ये गाळा मिळवताना मार्थाला घरमालकाची बरीच मनधरणी करावी लागली. वकिलाची मध्यस्थी कामी आली. गाळा मिळताच तिने दारावर स्वतःचे छायाचित्र लावले. त्यात तिचे केस थेट जमिनीपर्यंत पोहोचलेले होते. याहून बोलकी जाहिरात कोणती?

६/ तरी गिऱ्हाईक येईना. शेजारी एक संगीतशिक्षक होते. मुलांना शिकवणीला घेऊन येणाऱ्या आयांना तेथे बसायला जागा नव्हती. मार्थाने त्यांना आपल्या दुकानात बसवून घेतले. वाट पाहणाऱ्या त्या स्त्रियाच हळूहळू तिच्या गिऱ्हाईक झाल्या. स्त्रीहक्क चळवळीच्या अग्रणी सुसान बी. अँथनी यादेखील तिच्याकडे येत.

७/ केस धुताना गिऱ्हाईक पुढे वाकले की साबणाचे पाणी डोळ्यांत जाई. मार्थाने मागे कलणारी खुर्ची आणि मान टेकता येईल अशी खाच असलेले भांडे वापरात आणले. त्याचे पेटंट मात्र तिने घेतले नाही. आज सलूनमध्ये मान मागे टाकून डोळे मिटणाऱ्या किती जणांना तिचे नाव ठाऊक असेल?

८/ परंतु तिचे खरे कर्तृत्व या खुर्चीपेक्षा मोठे आहे. १८९१ पासून तिने आपल्या पद्धतीची सलून इतर शहरांत उघडू दिली. आज ज्याला फ्रँचायझी म्हणतात, त्याचे हे एक आरंभीचे रूप. शिकागोतील धनाढ्य बर्था पामर यांच्या आग्रहामुळे १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ती त्या शहरातही पोहोचली.

९/ ही सलून तिने कोणाच्या हाती दिली? आरंभीची शाखा-सलून तिने मुद्दाम मोलकरणी आणि कष्टकरी स्त्रियांकडे सोपवली. त्यांना प्रथम ‘हार्पर पद्धती’चे प्रशिक्षण मिळे. भांडवल नसेल, तर मार्था स्वतः उसने देई. त्या बदल्यात तिचीच उत्पादने व खुर्च्या वापरायच्या आणि ठरलेला दर्जा राखायचा.

१०/ नव्या व्यवसायात उशिरा उतरणाऱ्याची कोंडी सर्वपरिचित आहे : अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही. मार्थाने ती दोन्ही बाजूंनी फोडली. दासीपणात हाताला पडलेले वळण तिने कौशल्य म्हणून ओळखले. जे उणे होते, ते शिकवण्याची व्यवस्था उभारली.

११/ हे उदाहरण एकाकी नाही. कृष्णवर्णीय समाजातील सारा ब्रीडलव्ह सेंट लुईस येथे धुणी धूत असे. ती १९०५ मध्ये, ३७ व्या वर्षी डेन्व्हरला गेली आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने केशप्रसाधनांच्या व्यवसायात उतरली. १९०८ मध्ये तिने पिट्सबर्गला केशप्रसाधन शिकवणारी संस्था काढली. दोघींनीही स्वतः पुढे गेल्यावर मागच्यांसाठी शाळा उघडली, हे साम्य लक्षणीय आहे.

१२/ १९५० मध्ये, ९२ व्या वर्षी मार्था हार्पर निवर्तली. मोलकरणींच्या श्रमाची नोंद इतिहासात क्वचितच होते, कारण त्या श्रमाला कोणी ‘अनुभव’ मानतच नाही. मार्थाने तो मानला, आणि शेकडो स्त्रिया दुसऱ्याच्या घरातून निघून स्वतःच्या दुकानात उभ्या राहिल्या.

(समाप्त)