उभ्या गाडीचं दार

2011 च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या दप्तरी हा अपघात घडतच नव्हता. शिकागोच्या रस्त्यांवर मात्र तो वरचेवर घडायचा. कडेला उभ्या केलेल्या गाडीचं दार आतून कुणी तरी उघडायचं, मागून येणारा सायकलस्वार त्यावर आदळायचा. पोलीस यायचे, ॲम्ब्युलन्स यायची. पण राज्याच्या लेखी मोटार अपघात म्हणजे चालत्या मोटारीचा अपघात. इथे गाडी उभी, मग नोंद कशाची करायची? चालत होती ती सायकल, आणि ती काही मोटार नव्हे. सायकलवाल्यांनी पाठपुरावा केल्यावर गव्हर्नर पॅट क्विन यांनी हे अपघात मोजायचा आदेश काढला.

कारकुनी थाटाचा हा घोळ एकट्या इलिनॉयचा नव्हता. मोटारीचे कायदे जन्माला आले ते वेगाच्या धास्तीपोटी. धडक देते ती धावणारी गाडी, हे त्यांचं गृहीतक. उभी गाडी म्हणजे फार तर अडथळा. तिच्यात बसलेला माणूस एका हाताने कुणाचा जीव घेऊ शकतो, हे ध्यानात घ्यायला बऱ्याच देशांतल्या कायद्यांना कित्येक दशकं लागली.

तो जीव जातो कसा, हे बघण्यासारखं आहे. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सायकलचा काही फार वेग नव्हे; पण त्या वेगात एका सेकंदाला पाच मीटर अंतर कापलं जातं. दार उघडायलाही सेकंदभरच लागतो. ब्रेकपर्यंत बोटं पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. त्यातही दारावर सरळ आदळण्यापेक्षा दाराची कड हँडलच्या टोकाला लागणं जास्त घातक. चाक गाडीच्या बाजूला वळतं आणि माणूस उलट्या बाजूला, म्हणजे भर रहदारीत फेकला जातो. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात जुलै 2002 मध्ये नेमकं हेच झालं. सेंट्रल स्क्वेअरजवळ एका विद्यार्थिनीच्या सायकलला असंच दार लागलं आणि ती बसखाली गेली. ती सायकलसाठी रंगवलेल्या पट्ट्यातूनच चालली होती. पट्टा आखला होता उभ्या गाड्यांना चिकटून, दारं उघडतात तिथेच. पालिकेने दाखवलेल्या वाटेने जावं आणि त्या वाटेनेच घात करावा, असा हा प्रकार. पुढे जानेवारी 2009 मध्ये त्या राज्यात कायदा झाला. बेफिकिरीने दार उघडणाऱ्याला दंड किती, तर जास्तीत जास्त 100 डॉलर.

ब्रिटनमध्ये नियमाची उणीव नव्हती. 1986 च्या मोटार बांधणी व वापर नियमावलीतला 105 क्रमांकाचा नियम स्पष्ट आहे: कुणाला इजा किंवा धोका होईल अशा रीतीने गाडीचं दार उघडायचं नाही, दुसऱ्याला उघडू द्यायचंही नाही. म्हणजे चालक आणि प्रवासी दोघेही कचाट्यात. पण शिक्षा एक हजार पौंडांपर्यंतच्या दंडाची. धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू ओढवल्याचं जबर कलम इथे लागू होत नाही, कारण पुन्हा तेच: गाडी चालवली जात नव्हती! 2016 मध्ये लेस्टर शहरात टॅक्सीतल्या प्रवासी बाईंनी दार उघडलं आणि एका तरुण शिक्षकाचा जीव गेला. न्यायालयाने प्रवाशाला 80 आणि टॅक्सीचालकाला 300 पौंड दंड केला. वाहनतळाचा दंड भरावा तशा या रकमा. 29 जानेवारी 2022 पासून तिथल्या ‘हायवे कोड’मध्ये एक सूचना आली: दार उघडताना शक्य तिथे दाराकडचा नव्हे, पलीकडचा हात वापरा. उजवीकडे बसणाऱ्याने डाव्या हाताने दार उघडायचं. तसं केलं की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागचा रस्ता आपोआप दिसतो.

या युक्तीला ‘डच रीच’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये ती सवय जुनी. पण हे नाव आणि प्रचार मात्र त्याच केंब्रिजमधला. तिथे जून 2016 मध्ये इनमन स्क्वेअरला आणखी एक तरुणी अशाच अपघातात दगावली, तेव्हा मायकेल चार्नी या निवृत्त डॉक्टरांनी ही मोहीम हाती घेतली. 2017 मध्ये राज्याच्या वाहनचालक पुस्तिकेत तो धडा आला. जे राज्य हा अपघात मोजायलाच तयार नव्हतं, त्या इलिनॉयनेही नंतर तो घेतला.

डच लोकांचं खरं सामर्थ्य कायद्यात आहे, असं सायकलप्रेमी हटकून सांगतात. ते बरंचसं खरंही आहे. 1994 च्या रस्ते वाहतूक कायद्याचं 185 वं कलम मोटार आणि सायकलच्या टकरीत भरपाईचा भार मोटारवाल्यावर टाकतं. सायकलस्वार चौदा वर्षांखालचा असेल तर जवळजवळ सगळा, मोठा असेल तर सहसा निम्मा तरी. पण या कलमाची शब्दरचनासुद्धा रस्त्यावर चालवल्या जाणाऱ्या गाडीची आहे. पार्क करून ठेवलेल्या गाडीच्या बाबतीत चूक कुणाची, हे तिथेही सिद्ध करावं लागतं.

‘उभी गाडी’ या कोड्याचं भारतातलं एक ठळक उत्तर सायकलवरून नाही, तर पेट्रोलच्या टँकरवरून मिळालं. आणि तेही सातारा जिल्ह्यात. 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर टँकर आणि ट्रकची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन कलंडला आणि गळू लागला. चार तासांहून अधिक काळानंतर त्याचा स्फोट झाला. तोवर तिथे गोळा झालेली माणसं होरपळून मेली. त्यांच्यातल्या एकाच्या आईने 1939 च्या मोटार वाहन कायद्याखाली, चूक सिद्ध न करता मिळणारी 15 हजारांची भरपाई मागितली. दावा न्यायाधिकरणाने नकार दिला: स्फोट काही टँकरच्या ‘वापरातून’ झालेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो नकार फिरवला. टँकरमालक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1991 मध्ये तिथेही हरला. ‘वापर’ म्हणजे केवळ धावणं नव्हे. बंद पडलेली, उभी असलेली गाडीही वापरातच असते, असा अर्थ न्यायालयाने लावला.

पंधरा हजारांसाठी लढलेल्या त्या बाईंचं ऋण दाराने जायबंदी झालेल्या सायकलस्वारावरही आहे. आज 1988 च्या कायद्याच्या 166 व्या कलमाखाली तो दावा न्यायाधिकरणाकडे जातो, तेव्हा ‘गाडी तर उभी होती’ एवढ्यावर विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. दावा राहत्या गावीही लावता येतो. त्यात औषधपाणी, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व सगळं मागता येतं. मात्र बेपर्वाई दाखवावी लागते, आणि सायकलस्वाराची चूक निघाली तर तेवढी रक्कम कापली जाते. चुकीच्या वादात न पडता 164 व्या कलमाखाली ठरलेली रक्कम घ्यायचीही सोय आहे: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख.

फौजदारी बाजूला तर आपला कायदा ब्रिटनपेक्षा मोकळा आहे. भारतीय न्याय संहितेचं 125 वं कलम बेदरकार किंवा निष्काळजी ‘कृती’बद्दल बोलतं. गाडी चालत होती की उभी, चालकाने केलं की मागे बसलेल्या पाहुण्याने, हे ते विचारत नाही. गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडे रिक्षाला उजवीकडे आडवा दांडा असतो आणि उतारू मुकाट्याने डावीकडून उतरतात. मोटारीला असा दांडा कुणी बसवत नाही. तेव्हा भिस्त पंचनाम्यावर. त्यात ‘सायकलस्वार उभ्या गाडीवर आदळला’ असं वाक्य गेलं की दोष सायकलस्वाराच्या माथी बसतो. दार उघडं होतं, कोणतं होतं, कुणी उघडलं, रस्त्यात किती आलं होतं, हे लिहून घ्यायला लावणं जखमीच्या नातेवाइकांच्याच हाती असतं. घाईही करावी लागते. 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली, आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं आहे.