आसरा आणि अधिकार



कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ साली तिथे एक नवलाची वस्ती उभी राहिली. गोऱ्या कातडीची माणसे, त्यांत बायका आणि मुलेच पुष्कळ; पण ती इंग्रज नव्हती. ती होती पोलंडची. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रशियाने पूर्व पोलंड घेतला आणि तिथली लाखो माणसे सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ नंतर सुटका झाली तेव्हा त्यांतली काही इराणमार्गे आपल्याकडे आली. सुमारे पाच हजार माणसे वळिवड्याच्या छावणीत राहिली. ही छावणी १९४८ पर्यंत होती.

याच लोंढ्यातली आणखी काही हजार माणसे आगबोटीने पूर्व आफ्रिकेला गेली. युगांडा देशात मसिंडीजवळ न्याब्येया इथे त्यांची वस्ती झाली. त्यांनी बांधलेले चर्च तिथे आजही उभे आहे. त्या युगांडाची, आणि तिथल्या एका विद्यापीठाने निर्वासितांसाठी केलेल्या कामाची हकीकत आज आपणांस सांगायची आहे.

नकाशात पाहिलेत तर युगांडा व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठावर दिसेल. शेजारी दक्षिण सुदान, काँगो, रवांडा. या शेजाऱ्यांकडे भांडण पेटले की माणसे पोरेबाळे पाठीशी बांधून युगांडात येत. देशाने त्यांना हाकलले नाही. पण १९६० सालचा जो कायदा होता, त्याचे नावच मुळी 'परकीय निर्वासित नियंत्रण कायदा'. निर्वासिताने नेमून दिलेल्या वस्तीत राहायचे, बाहेर पडायचे तर परवाना घ्यायचा. म्हणजे ओसरी मिळाली, पण ओसरीवरून उतरायची मुभा नाही.

पुढे काळ असा उलटला की युगांडाच्याच माणसांवर घर सोडायची पाळी आली. १९७२ साली इदी अमीन याने भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. त्यांत गुजराती होते, पंजाबी होते, आपले गोव्याकडचेही होते. १९७९ साली अमीनची सत्ता गेली, आणि मग वायव्येकडच्या भागातले लाखो युगांडी लोक सूडाच्या भयाने सीमा ओलांडून दक्षिण सुदानात येई नदीच्या परिसरात आणि काँगोत गेले.

तिथे एक बाई जाऊन राहिल्या. त्यांचे नाव बार्बारा हॅरेल-बाँड. त्या मूळच्या अमेरिकेच्या, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. १९८२ साली त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात निर्वासितांविषयीच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले होते. मदत कशी वाटली जाते, हे त्यांनी येईच्या परिसरात जवळून पाहिले आणि १९८६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'लादलेली मदत'. बाईंचे म्हणणे साधे होते : मदत करणारे सगळे स्वतः ठरवतात, ज्याला द्यायचे त्याला कोणी विचारीत नाही. जो काल स्वतःची शेती पाहत होता, घर चालवीत होता, तो आज नुसता हात पसरणारा ठरतो. पोट भरते, पण माणूस खचतो.

याच बाई पुढे युगांडाची राजधानी कंपाला इथे आल्या. तिथल्या मेकेरेरे विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्वासितांच्या हक्कांची पाहणी केली. युगांडाने १९७६ सालीच निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला होता. परंतु करारातले हक्क प्रत्यक्षात पदरात पडत नव्हते. तेव्हा १९९९ साली विद्यापीठाच्या कायदा विभागाने 'निर्वासित कायदा प्रकल्प' सुरू केला.

आता म्हणाल, विद्यापीठाने यात करायचे ते काय? तर बघा. शहरात आलेल्या निर्वासिताकडे कागद नसतो. पोलिसांनी हटकले तर काय दाखवणार? अर्ज करायचा तर भाषा येत नाही. या केंद्रातले वकील फुकट सल्ला देतात. मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचे वर्ग चालतात. दुभाषे तयार केले जातात, कारण दवाखान्यात दुखणे सांगता आले नाही तर औषध कसले मिळणार? जुना कायदा बदलावा म्हणून जे आग्रहाने बोलत होते, त्यांत हे केंद्रही होते. २००६ साली नवा कायदा झाला. त्यात निर्वासिताला काम करण्याचा आणि देशात हिंडण्याफिरण्याचा हक्क मिळाला. 'नियंत्रण' हा शब्द कायद्याच्या नावातून गेला.

तोवर देशाच्या उत्तरेला दुसरेच संकट होते. जोसेफ कोनी याच्या बंडखोर टोळ्या खेड्यांतून मुले पळवीत आणि त्यांच्याच हाती शस्त्र देत. २००५ च्या सुमारास अठरा लाखांच्या आसपास माणसे घरे सोडून छावण्यांत राहत होती. ती सीमा ओलांडून गेली नव्हती, म्हणून कायद्याने निर्वासितही नव्हती. केंद्राने त्यांनाही आपले मानले. शस्त्र टाकून येणाऱ्याला माफी देणारा कायदा २००० साली झाला होता. ही माफी लोकांना पटते का, हे केंद्राच्या माणसांनी गावोगाव जाऊन विचारले. पुष्कळांनी माफीच्या बाजूने कौल दिला. का? परत येणारा बंडखोर म्हणजे कित्येकदा त्यांचाच पळवलेला मुलगा होता. तिथल्या आचोली लोकांत जुनी रीत आहे : खून झाला की दोन्ही कुळे गुन्हा कबूल करून, भरपाई ठरवून, एकाच भांड्यातून कडू मुळीचा रस पितात. पण ज्याचे मूल मेले, त्याला नुसत्या माफीने न्याय मिळाला काय? हा प्रश्न सोपा नाही. म्हणून कितगुम गावी केंद्राने युद्धाच्या आठवणी आणि कागदपत्रे जतन करण्याचे काम हाती घेतले. माफ केले तरी विसरता कामा नये.

आणि शेवटी नियतीचा फेरा पाहा. २०१३ साली दक्षिण सुदानात यादवी सुरू झाली. २०१६ साली ती येईपर्यंत पोचली, आणि ज्यांनी कधी युगांडी लोकांना आसरा दिला होता तेच लोक युगांडाच्या वायव्येला आले. बिडी बिडी इथे झाडझाडोरा तोडून प्रचंड वसाहत उभी राहिली. आज युगांडात पंधरा लाखांहून अधिक निर्वासित आहेत. त्यांना राहण्या-कसण्यासाठी जमिनीचा लहानसा तुकडा दिला जातो. २०२० नंतर जगाकडून येणारा पैसा आटला आणि शिधा वेळोवेळी कमी करावा लागला. जमिनीचा तुकडा सगळ्यांचे पोट भरण्याइतका मोठा नाही, आणि स्थानिक शेतकऱ्याच्या मनातही 'आमच्या रानाचे, पाण्याचे काय?' असा प्रश्न आहे. तोही खोटा नव्हे. पण शिधा घटला तेव्हा काम करण्याचा हक्क हातात होता, म्हणून कित्येकांना निदान मजुरीला तरी जाता आले.

गुरुजनहो, वर्गात नकाशा लावाल तेव्हा वळिवडे दाखवा, मग न्याब्येया, मग येई आणि बिडी बिडी. आणि मुलांना एवढेच विचारा : आपल्या दारी असा पाहुणा आला, तर भाकरी देण्याआधी आपण त्याला काय विचारू?