शहर सोडून शेतघरात राहायला गेलेला संगीतकार : कोण होते मरे शेफर?

कॅनडातलं एक छोटं तळं. काठावरच्या झाडीत, एकमेकांपासून लांब लांब, १२ ट्रॉम्बोनवादक उभे आहेत. ट्रॉम्बोन म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी असलेलं पितळी वाद्य. पाण्यात तराफ्यावर एक माणूस रंगीत झेंडे दाखवून त्यांना इशारे देतोय. सूर पाण्यावरून जातात, समोरच्या झाडीवर आदळून परत येतात. तो प्रतिध्वनीही रचनेचाच भाग आहे.

ही १९७९ मधली 'म्युझिक फॉर वाइल्डरनेस लेक' ही रचना. तराफ्यावरचा माणूस म्हणजे आर. मरे शेफर. 'साउंडस्केप' हा शब्द आज पॉडकास्टपासून गेमिंगपर्यंत सगळीकडे वापरला जातो. तो जगभर रूढ करण्यात शेफर यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

साउंडस्केप म्हणजे काय?

डोळ्यांना दिसतो तो देखावा म्हणजे लँडस्केप. तसाच कानांना ऐकू येतो तो साउंडस्केप. शेफर यांनी त्यातले आवाज वेगवेगळे ओळखायला शिकवलं. काही आवाज सतत पार्श्वभूमीला असतात आणि आपलं त्यांच्याकडे लक्षही नसतं, उदाहरणार्थ समुद्राची गाज किंवा हायवेची घरघर. काही आवाज मुद्दाम लक्ष वेधतात, जसा भोंगा. आणि काही आवाज त्या जागेची ओळखच असतात. त्यांना शेफर 'साउंडमार्क' म्हणायचे. गावातल्या पिठाच्या गिरणीची टुकटुक आठवा, म्हणजे लगेच कळेल.

शेफर यांचा जन्म १९३३ चा, ओंटारियो प्रांतातल्या सार्निया शहरातला. १९६५ ते १९७५ या काळात ते व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवत होते. तिथेच त्यांनी 'वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट' उभा केला. शहराचा गोंगाट वाढतोय म्हणून नुसती तक्रार करण्यापेक्षा आधी तो नीट ऐकू, रेकॉर्ड करू, मोजू, असा विचार त्यामागे होता.

मग गावं शांत असतात का?

नाही. १९७५ मध्ये शेफर आणि त्यांचे सहकारी युरोपातल्या पाच गावांत राहून आवाज टिपत फिरले : स्वीडनमधलं स्क्रूव्ह, जर्मनीतलं बिसिंगन, इटलीतलं चेंब्रा, फ्रान्समधलं लेस्कोनिल आणि स्कॉटलंडमधलं डॉलर.

यातलं लेस्कोनिल सगळ्यात भारी. हे मच्छीमारांचं गाव. तिथे दिवसभरात वाऱ्याची दिशा एका ठरावीक क्रमाने बदलत जाते. त्यामुळे कधी समुद्रातल्या बोयाचा आवाज गावात पोचतो, तर कधी जमिनीकडच्या एखाद्या गावातल्या चर्चची घंटा. कुठला आवाज कधी यायला हवा हे तिथल्या लोकांना माहीत होतं. हा क्रम चुकला की हवा बदलतेय. तिथे कान हेच हवामान खातं होतं!

विद्यापीठ सोडून शेतघरात

त्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, शेफर यांनी विद्यापीठातली नोकरी सोडली आणि ओंटारियोतल्या बँक्रॉफ्ट गावाजवळ, माँटिगल खोऱ्यातल्या एका शेतघरात राहायला गेले. महिन्याचा पगार बंद. पुढे पोटापाण्यासाठी संस्थांनी लिहून मागितलेल्या रचना, कार्यशाळा, व्याख्यानं आणि स्वतःच काढलेली 'आर्काना एडिशन्स' ही प्रकाशनसंस्था.

अशा गोष्टी आपल्याकडे 'सगळं सोडून निसर्गाच्या कुशीत' या थाटात सांगतात. पण शेफर यांनी सगळं सोडलं नव्हतं. काम चालूच होतं, फक्त त्याचा आकार बदलला. जवळच्या मेनूथ गावातल्या लोकांना घेऊन त्यांनी गायनवृंद उभा केला आणि या हौशी गायकांसाठी 'जोनाह' हे संगीतनाट्य लिहिलं. हिवाळ्यात खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाच्या ढिगांची स्केचेस काढता काढता 'स्नोफॉर्म्स' तयार झालं. लहान मुलांच्या गायनवृंदासाठीच्या या रचनेत नेहमीच्या स्वरलिपीऐवजी त्या ढिगांसारख्या वळणदार रेषा आहेत. रेष वर गेली की आवाज वर, खाली आली की खाली.

तळ्यावरच्या कार्यक्रमांची वेळही निसर्गच ठरवायचा. 'वाइल्डरनेस लेक' पहाटे आणि संध्याकाळी वाजवायची रचना आहे. यामागे साधं विज्ञान आहे. या वेळी वारा बहुधा पडलेला असतो. त्यात पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असेल, तर आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि दूरपर्यंत ऐकू येतो. भर दुपारी तेच वादक तेवढ्याच जोरात वाजवतील, पण पलीकडच्या काठावर कमी पोचेल.

१९८१ मधलं 'द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स' तर पहाटेच सुरू होतं. प्रेक्षक अंधारात तळ्याकाठी येऊन बसतात, पात्रं पाण्यावर होड्यांतून येतात, आणि सूर्य उगवतो तो खराखुरा.

याची किंमत काय?

प्रेक्षक. पहाटेच्या अंधारात जंगलातल्या तळ्यापर्यंत कितीजण येणार? अशी रचना पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या सभागृहात नेता येत नाही. शेफर यांच्या नावाचा दबदबा होता, पहिला ग्लेन गूल्ड पुरस्कार १९८७ मध्ये त्यांनाच मिळाला. पण त्यांची सगळ्यात वेगळी कामं प्रत्यक्ष ऐकलेले लोक थोडेच.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. 'प्रिन्सेस'ची कथा कॅनडातल्या आदिवासी लोककथांच्या धाटणीची वाटते, पण ती शेफर यांनी स्वतः रचलेली आहे. 'स्नोफॉर्म्स'मध्ये बर्फासाठीचे इनुइट भाषेतले शब्द आहेत. ज्या भूमीचे आवाज ऐकायचे तिथल्या मूळ लोकांचं ऐकलं का, असा सवाल नंतरच्या अभ्यासकांनी केला. माझ्या मते हा सवाल रास्तच आहे.

शेफर यांचं निधन १४ ऑगस्ट २०२१ रोजी झालं. त्यांचा वाढदिवस, १८ जुलै, हा २०१० पासून 'वर्ल्ड लिसनिंग डे' म्हणून पाळला जातो. आणि ती युरोपातली पाच गावं? २००० च्या सुमारास फिनलंडमधले संशोधक तिथे पुन्हा गेले, १९७५ ची रेकॉर्डिंग्ज सोबत घेऊन. त्यांनी यादीत फिनलंडमधलं नाउवो हे सहावं गावही जोडलं.