कॅमेरा नसलेली दुपार

स्त्रियांच्या शिक्षण आणि खेळातल्या हक्कांवरचे माहितीपट मी बरीच वर्षे पाहतो आहे. त्यांत एक अडचण वारंवार दिसते. ज्या प्रसंगाभोवती माहितीपट उभा राहायचा, त्या प्रसंगी कॅमेरा हजरच नसतो. दुर्लक्ष हाच लढ्याचा विषय असेल, तर दुर्लक्षितांचे चित्रण करून ठेवणार कोण? या अडचणीतून वाट कशी काढावी, हे मला मेरी मॅझिओ यांच्या ‘अ हीरो फॉर डेझी’ (१९९९) या माहितीपटाने दाखवले.

त्याचा विषय अमेरिकेतला. येल विद्यापीठाने पदवीपूर्व वर्गांत मुलींना प्रवेश दिला तो १९६९ मध्ये. पुढे मुलींचा नौकानयन संघही तयार झाला. सराव डर्बी गावाजवळ हूसाटॉनिक नदीवर चाले. थंडीत नदीचे पाणी अंगावर उडे. सराव संपला की मुलगे बोटघरात गरम पाण्याने अंघोळ करत. मुलींसाठी तिथे न्हाणीघरच नव्हते. मुलग्यांचे आवरेपर्यंत त्या ओल्या कपड्यांनिशी बसमध्ये कुडकुडत बसून राहत. अर्जविनंत्या करून झाल्या, आश्वासने मिळाली, न्हाणीघर काही मिळाले नाही.

३ मार्च १९७६ रोजी कर्णधार क्रिस अर्न्स्ट हिच्यासह १९ मुली महिला क्रीडा विभागाच्या संचालिकांच्या कार्यालयात गेल्या आणि त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. त्यांच्या उघड्या अंगांवर निळ्या शाईत लिहिले होते: ‘टायटल नाइन’. अर्न्स्टने निवेदन वाचून दाखवले. मुलींनी बरोबर एक वार्ताहर आणि एक छायाचित्रकार नेला होता. दुसऱ्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली आणि येलची देशभर नाचक्की झाली. बोटघरात मुलींची सोय झाली ती त्यानंतर.

या ‘टायटल नाइन’ची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९७२ चा हा कायदा मूळ इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचा. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. त्यात ‘खेळ’ हा शब्दच नाही. तो घडवणाऱ्यांत हवाईच्या पॅट्सी मिंक होत्या. डॉक्टर व्हायची इच्छा असताना वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना नाकारले होते. खेळही या कायद्याच्या कक्षेत येतात हे उघड झाले, तेव्हा पुरुषांच्या खेळांचा पैसा जाईल या भीतीने विरोधक एकवटले. १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहात मतदान सुरू असताना मिंक यांना मुलीच्या गंभीर अपघाताचा निरोप आला. त्या निघून गेल्या आणि त्यांची बाजू एका मताने हरली. दुसऱ्या दिवशी फेरमतदान झाले, म्हणून कायदा बचावला. किम्बर्ली बॅसफर्ड यांनी २००८ मध्ये मिंक यांच्यावरही माहितीपट केला.

मॅझिओ स्वतः वकील, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या नौकानयनपटू. डेझी ही त्यांची मुलगी. आपल्या मुलीला सांगण्याजोगी एक नायिका हवी, या गरजेतून हा माहितीपट आला. प्रसंगाला तेव्हा २३ वर्षे झाली होती. मॅझिओंनी त्या मुलींनाच, आता प्रौढ झालेल्या बायकांना, बोलते केले. नायिका निवडताना मात्र त्यांनी अवघड वाट धरली. अर्न्स्ट ऑलिंपिकपर्यंत पोचली, १९८६ मध्ये जगज्जेतीही झाली; पण पोटासाठी तिने पत्करला तो प्लंबरचा व्यवसाय. न्हाणीघरासाठी लढलेली बाई पुढे लोकांच्या घरचे नळ जोडू लागली! माहितीपटाला याचा संकोच वाटत नाही. शिक्षणातली समानता म्हणजे फक्त मोठ्या पगाराची खुर्ची नव्हे, हे तो सहज सांगून जातो.

माझा एक आक्षेप मात्र आहे. असे माहितीपट विजयाच्या सुरावर संपतात, आणि इतिहास तसा संपत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची व्याप्ती आखडली. ती पूर्ववत करायला १९८८ उजाडले, तेही राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून. मिळालेला हक्क पुन्हा राखावा लागतो. प्रेक्षकाला हे कळले नाही, तर तो सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो.

त्याच १९७६ मध्ये आपल्याकडे शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला क्रिकेट संघ पहिली कसोटी मालिका खेळला. वेस्ट इंडीजविरुद्ध पाटण्यात पहिला कसोटी विजयही मिळाला. त्या पिढीने आरक्षणाविना रेल्वेने प्रवास केला, मिळेल त्या जागी पथारी पसरली. हे आपल्याला कळते ते बहुतेक खेळाडूंच्याच तोंडून. या खेळाडू आता सत्तरीच्या आसपास आहेत. राज्याराज्यांतून खेळलेल्या, नाव न झालेल्या कितीतरी जणी त्यांच्याबरोबर होत्या. त्यांच्यासमोर कॅमेरा ठेवायला मोठे भांडवल लागत नाही, त्यांच्या भाषेत प्रश्न विचारणारे कोणीतरी लागते. ते काम याच वर्षांत व्हायला हवे.