ऑप्टिक नर्व्हला इजा : शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते का?

दुचाकीवरून पडल्यावर भुवईपाशी मार बसतो. जखम किरकोळ असते, डोळाही वरून धडधाकट दिसतो. मात्र त्या डोळ्याने दिसेनासे होते. अशा वेळी इजा डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूला झालेली असू शकते.

सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची ही नस कवटीत शिरताना हाडाच्या अरुंद बोगद्यातून जाते. कपाळावरील आघाताचा धक्का हाडांमार्फत तेथवर पोहोचतो. नस सुजते, पण पसरण्यास जागा नसल्याने ती आवळली जाते आणि तिचा रक्तपुरवठा घटतो.

या बोगद्याची भिंत काढून नसेवरील दाब कमी करणे, हा शस्त्रक्रियेचा हेतू. पूर्वी त्यासाठी कवटी उघडावी लागे. आता नाकातून दुर्बीण घालून, सायनसच्या मार्गेही ती करता येते. मात्र मेंदूला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी तेथून अगदी जवळ असते. तिला इजा होणे किंवा मेंदूभोवतीचा द्रव नाकातून गळणे, हे यातील धोके होत.

लाभ किती? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३२ टक्के, स्टिरॉइड दिलेल्यांपैकी ५२ टक्के, तर कोणताही उपचार न झालेल्यांपैकी ५७ टक्के रुग्णांची दृष्टी लक्षणीय सुधारली. मूळ इजेची तीव्रता लक्षात घेता तिन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. त्यामुळे सरसकट शस्त्रक्रियेची शिफारस केली जात नाही. हाडाचा तुकडा नसेत रुतला असेल किंवा दृष्टी डोळ्यांदेखत ढासळत असेल, तर तिचा विचार होतो. तुटलेले तंतू मात्र पुन्हा जोडता येत नाहीत.

स्टिरॉइडही निर्धोक नाहीत. डोक्याला मार लागलेल्या सुमारे १० हजार रुग्णांवरील २००४ च्या चाचणीत त्यांच्या मोठ्या मात्रेने मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे दिसले.

म्हणूनच अपघातानंतर रुग्ण शुद्धीवर असल्यास एकेक डोळा झाकून दृष्टी पडताळावी. बेशुद्ध रुग्णाच्या बाहुल्यांची टॉर्चने तपासणी करून डॉक्टर निदान करू शकतात. शंका येताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि सीटी स्कॅनबाबत विचारावे. डोळा पुढे येऊन दगडासारखा टणक झाला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा तासाभराचा विलंबही महागात पडतो.

आणि हेल्मेट? गेलेली दृष्टी परत आणण्याची हमी कोणतीही शस्त्रक्रिया देत नाही. ती जपण्याची संधी मात्र हेल्मेट देते.