विडी कारखानदारी आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नाशिक जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे जाते. तथापि सिन्नरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात शेतीबाहेरचा रोजगार दिला तो विडी उद्योगाने. सूप, कात्री, टेंभुर्णीची पाने, तंबाखू आणि दोरा एवढे साहित्य या धंद्याला पुरे. त्यामुळे विडी कारखान्यात, सट्टेदाराकडे किंवा स्वतःच्या घरी, कोठेही वळता येई. मग विडी वळणाऱ्याचा कायदेशीर मालक कोणास मानावयाचे, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

1948 च्या कारखाने अधिनियमाने भरपगारी रजेसारखी दायित्वे मालकावर टाकली व त्यांचा भंग हा फौजदारी गुन्हा ठरविला. परंतु हे संरक्षण अधिनियमातील ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच होते. 1958 मध्ये चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदारास स्वतंत्र कंत्राटदार मानले. त्यामुळे त्याची माणसे कारखानदाराचे कामगार ठरली नाहीत. पुढे नागपूरच्या बिर्दीचंद शर्मा यांच्या प्रकरणात निकाल कामगारांच्या बाजूने लागला. तेथे विडी कारखान्यातच वळावी लागे, हजेरी नोंदली जाई आणि दुपारनंतर येणाऱ्यास काम मिळत नसे. हे नियंत्रण न्यायालयास पुरेसे वाटले.

या दृष्टीने शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1961) हा खटला विशेष उद्बोधक आहे. ऑगस्ट 1957 मध्ये कारखान्यात एक सूचना लागली : विड्या खराब वळल्याच्या कारणावरून काही जणांना अमुक दिवसापासून काम मिळणार नाही. त्यांपैकी एकाला चार दिवसांच्या रजेचे वेतन मुदतीत न दिल्याबद्दल कारखानदारावर खटला झाला. येथे येण्याजाण्याची वेळ बांधलेली नव्हती, मजुरी नगावर होती आणि काम कसे करावे यावर देखरेख नव्हती. या कारणांस्तव बहुमताने विडी वळणारा ‘कामगार’ नसल्याचा निर्णय दिला. न्या. सुब्बाराव यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. प्रस्तुत लेखकास ते अधिक वास्तवदर्शी वाटते. ज्याच्या सूचनाफलकावरील चार ओळींनी एखाद्याची चूल बंद होते, त्याचे नियंत्रण नाही असे कसे म्हणावे?

चार दिवसांच्या वेतनाची रक्कम ती काय असणार! परंतु निकालातील सूत्राचा व्यावहारिक अर्थ दूरगामी होता. नियंत्रण जितके सैल, तितकी मालकाची जोखीम कमी. हजेरीपट ठेवणारा कारखानदार कायद्याच्या कक्षेत येई आणि न ठेवणारा सुटे.

विडी व सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियम, 1966 ने नेमके हेच सूत्र मोडले. त्यात घरी काम करणाऱ्याचाही समावेश झाला. कंत्राटदारामार्फत काम करवून घेणारा ‘मुख्य मालक’ या संज्ञेखाली उत्तरदायी ठरला. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा देय झाली. सहा महिने काम केलेल्यास वाजवी कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन दिल्याशिवाय काढता येईना. निकृष्ट म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या ‘छाट’ विड्यांच्या प्रमाणावरही राज्यांच्या नियमांनी मर्यादा घातली. कारखानदारांनी या अधिनियमास आव्हान दिले. मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये तो वैध ठरविला.

तथापि एक फट उरली. कुटुंबीयांच्या साहाय्याने स्वतःच्या घरी विडी करणारा, तो कोणा मालकाचा नोकर नसेल तर, अधिनियमाबाहेर होता. या अपवादाच्या आधारे ‘खरेदी-विक्री’ची पद्धत फोफावली : पाने व तंबाखू कागदोपत्री विकावयाची आणि वळलेली विडी कागदोपत्री विकत घ्यावयाची. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1966 च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. अशा व्यवहारातील खरेदीदारास मालक मानावयाचे की व्यापारी, हा वाद आता तिच्या व्याख्यांच्या आधारे लढवावा लागेल.