रस्तासाहाय्य संरक्षण : मुदतपूर्व रद्दीकरण आणि परतावा

गाडी रस्त्यात बंद पडल्यास टोचन लावून गॅरेजपर्यंत नेणे, उतरलेल्या बॅटरीला जम्पस्टार्ट देणे, पंक्चर काढणे, इंधन पोहोचवणे, किल्ली आत राहिल्यास दार उघडून देणे अशा सेवा ठरावीक मुदतीत देण्याच्या बोलीवर आगाऊ पैसे घेऊन केलेला करार म्हणजे रस्तासाहाय्य संरक्षण. व्यवहारात त्याला ‘रोडसाइड असिस्टन्स’ किंवा नुसते ‘आरएसए’ म्हणतात. मुदत संपण्याआधी हा करार ग्राहकाने सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का, याचे एकच उत्तर भारतीय कायद्यात नाही. ग्राहकाच्या हातातला कागद कोणाचा आहे आणि तो करार का सोडत आहे, या दोन गोष्टींवर उत्तर बदलते. पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असे छापलेले दिसले की बहुतेक ग्राहक तिथेच थांबतात. प्रत्यक्षात प्रश्न तिथून सुरू होतो.

रबाळे हे नवी मुंबईतील ऐरोली आणि घणसोली यांच्या मधले ठिकाण. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूस, एमआयडीसीची ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक वसाहत आणि पश्चिमेला, खाडीच्या बाजूस, निवासी वस्ती अशी त्याची मांडणी आहे. मालाचे ट्रक व टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या, नोकरदारांच्या मोटारी आणि दुचाकी एकाच रस्त्यावर असतात. पावसाळ्यात पाणी साचले की इंजिनात पाणी शिरून गाड्या जागीच बंद पडतात. अशा ठिकाणी आरएसए घेणे शहाणपणाचेच आहे. अडचण येते ती गाडी विकल्यावर, बदली झाल्यावर, किंवा नव्या गाडीच्या बिलात न मागता घातलेली ही रक्कम महिन्याभराने लक्षात आल्यावर.

प्रकार. आरएसए तीन वाटांनी विकले जाते. पहिली वाट विमा पॉलिसीची. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण घेताना थोडा जादा प्रीमियम भरून ही सेवा पुरवणी म्हणून जोडली जाते. दुसरी वाट वाहन कंपनीची, शोरूमची किंवा स्वतंत्र सेवा-कंपनीची वार्षिक योजना. हा विमा नव्हे, निव्वळ सेवेचा करार आहे. म्हणून विमा नियामकाचे नियम त्याला लागत नाहीत. तिसरी वाट मोटारमालकांच्या संघटनेच्या सभासदत्वाची. मुंबईत 1919 मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही तिची जुनी ओळख. शोरूममधून बाहेर पडताना हातात आलेल्या फाइलमध्ये पहिल्या दोन वाटांचे कागद एकत्र टाचलेले असतात आणि गोंधळ तिथेच होतो. कागदावर विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक असेल तर तो विमा. फक्त सेवा-कंपनीचे नाव आणि जीएसटी बिल असेल तर तो सेवाकरार.

विम्यातील परतावा. येथे ग्राहकाची बाजू सर्वांत भक्कम आहे. विमा नियामक आयआरडीएआयने 11 जून 2024 रोजी सर्वसाधारण विम्याबाबत काढलेल्या मुख्य परिपत्रकानुसार वैयक्तिक ग्राहक पॉलिसी केव्हाही रद्द करू शकतो आणि त्याला कारण सांगावे लागत नाही. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात दावा केलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. एक वर्षाहून मोठ्या पॉलिसीत, ज्या वर्षांची जोखीम अद्याप सुरूच झालेली नाही त्या वर्षांचा प्रीमियम परत मिळतो. कंपनीला मात्र पॉलिसी मनास येईल तेव्हा रद्द करता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच, आणि तेही सात दिवसांची नोटीस देऊन. पूर्वी ‘अल्प मुदतीच्या दरां’नुसार कंपनी सरलेल्या काळापेक्षा मोठा वाटा ठेवून घेत असे. त्या मानाने हा बदल ग्राहकाच्या फार हिताचा आहे आणि तो एजंटांनीच ग्राहकाला सांगायला हवा.

टोचन एकदा मागवले म्हणजे ‘दावा केला’ असे होते का, हे त्या पॉलिसीच्या कलमांवर ठरते. रद्द करण्याचा अर्ज देण्यापूर्वी ते कलम वाचणे अत्यावश्यक आहे, कारण परताव्याचा हक्क त्या एका शब्दावर टिकतो किंवा जातो.

परतावा एजंटच्या खात्यात जमा करणे बेकायदा आहे. विमा कायदा, 1938 च्या कलम 64 व्हीबीनुसार रद्द पॉलिसीचे पैसे थेट विमाधारकालाच द्यावे लागतात. ‘पुढच्या पॉलिसीत वळते करून देतो’ असे एजंट म्हणाला तर ते ग्राहकाच्या संमतीशिवाय होऊ शकत नाही.

एक मर्यादा मात्र पक्की आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 मुळे तृतीय पक्ष विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून मूळ पॉलिसी रद्द करताना दुसऱ्या पॉलिसीचा पुरावा मागितला जातो. आरएसएसाठी भरलेले थोडे पैसे सोडवायच्या नादात संपूर्ण पॉलिसी मोडून गाडी विनाविमा ठेवणे हा धोका कोणीही पत्करू नये. जीवन व आरोग्य विम्यात मिळणारी ‘फ्री लूक’ची 30 दिवसांची सवलतही मोटार विम्यात गृहीत धरू नये.

सेवाकरारातील परतावा. विम्याबाहेरच्या योजनांसाठी वाट अवघड आहे आणि तिथे रद्द करण्याचे कारण निर्णायक ठरते. ब्रिटनमध्ये दूरध्वनीवरून किंवा ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक सेवांना 14 दिवसांत कारण न देता माघार घेण्याची सोय कायद्याने दिली आहे. भारतात सर्व सेवांना लागू होणारी अशी सर्वसाधारण सोय नाही.

ग्राहकाला न विचारता योजना बिलात घातली असेल तर त्याची बाजू बळकट असते. ऑनलाइन खरेदीत ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार आधीच टिक केलेल्या चौकटीतून घेतलेली संमती ही संमतीच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. खरेदी करताना न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे आणि रद्द करण्याचा मार्ग लपवून ठेवणे या दोन्ही गोष्टी त्यांत मनाई केलेल्या तेरा प्रकारांत मोडतात. दरवर्षी आपोआप पैसे कापले जात असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते आणि ग्राहकाला तो आदेश बँकेकडूनच थांबवता येतो.

सेवा मिळालीच नाही, म्हणजे भर पावसात फोन करूनही टोचनगाडी आली नाही, तर तो सेवेतील उणिवेचा प्रश्न होतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) नुसार सदोष सेवा बंद करून तिचे पैसे बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितलेली नसल्यास 30 दिवसांत, परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. फोनची नोंद, तक्रार क्रमांक आणि खासगी टोचनवाल्याला दिलेल्या पैशांची पावती हाच येथे पुरावा.

सर्वांत कमकुवत स्थिती उरते ती गाडी विकलेल्या ग्राहकाची. सेवा चांगली होती, योजना स्वतःहून घेतली होती, पण आता गरज उरली नाही. अशा वेळी योजनेतील रद्दीकरणाचे कलम आधी पाहिले जाते. कलम पूर्ण परतावा नाकारत असेल तरी ते अंतिम नव्हे. ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 2(46) ग्राहकावर अवास्तव भार टाकणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ म्हणते. पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी कलमे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. तो खटला सदनिकेचा होता, पण तत्त्व लागू पडते. न दिलेल्या सेवेचे सगळे पैसे ठेवून घेण्याला कंपनीचा कोणता खर्च आधार देतो, हे कंपनीने दाखवले पाहिजे.

कायद्यातला एक ठळक दोष इथे सांगितला पाहिजे. ‘अनुचित करार’ म्हणून थेट तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे करता येत नाही. ती राज्य आयोगापासून पुढेच चालते. दीड हजार रुपयांसाठी रबाळ्याच्या माणसाने राज्य आयोगात लढावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. छोट्या रकमांपुरता हा अधिकार जिल्हा आयोगांना मिळायला हवा. तोवर तक्रार अनुचित व्यापारी प्रथा किंवा सेवेतील उणीव म्हणून मांडणे हाच व्यवहार्य मार्ग.

रकमेचा हिशेब. समजा योजना करापूर्वी 2,400 रुपयांची, त्यावर 18 टक्के जीएसटी 432, एकूण 2,832 रुपये. पाच महिन्यांनी रद्द केल्यास उरलेल्या सात महिन्यांचे मूळ 1,400 आणि त्यावरचा कर 252, असे 1,652 रुपये प्रमाणशीर परताव्याचे होतात. ‘जीएसटी सरकारकडे गेला’ हे उत्तर पुरेसे नाही. विक्रेत्याला क्रेडिट नोट काढून कर समायोजित करण्याची सोय, ठरावीक मुदतीत, जीएसटी कायद्यातच आहे. योजनेची रक्कम वाहनकर्जात मिळवली असेल तर परतावा कर्जखात्यात जमा होतो की हातात येतो, हे लेखी विचारावे.

तक्रारीचे मार्ग. प्रथम लेखी अर्ज, ईमेलने असल्यास उत्तम. विम्याच्या बाबतीत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा नकार दिला तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. नवी मुंबई ठाण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येते. सेवाकरारासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि बऱ्याच छोट्या रकमा त्या पातळीवरच सुटू शकतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. रबाळ्यासाठी तो ठाणे जिल्हा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

टेम्पो स्वतः चालवून पोट भरणारा मालक व्यावसायिक म्हणून आपोआप बाद होत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन वापरलेली वस्तू कायदा व्यावसायिक हेतूची मानत नाही. विम्याबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्स प्रकरणात, एप्रिल 2023 मध्ये, नुकसानभरपाईसाठी काढलेली पॉलिसी ही नफ्याची खरेदी नव्हे, असे सांगितले. एमआयडीसीतल्या छोट्या वाहतूकदारांनी हा निकाल जवळ ठेवावा.

गाडी विकताना नव्या मालकाच्या नावे आरएसए वळवता येते का, हेही पाहावे. काही योजना गाडीच्या चासी क्रमांकाशी बांधलेल्या असतात. विम्याचे हस्तांतरण कळवण्याची मुदत 14 दिवसांची आहे, आणि परताव्याचा अर्ज त्याच वेळी दिल्यास तारखेवरून वाद उरत नाही.